एकोणसाठ कोऱ्या इनिंग्ज: हर्शायझरचा विक्रम मोडेल का?

बेसबॉलमधल्या ‘कधीच न मोडणाऱ्या’ विक्रमांच्या याद्या काढायची अमेरिकेत जुनी हौस आहे. पिचिंगची यादी तर ठरलेलीच असते. साय यंगचे 511 विजय, त्याच्याच 749 ‘कम्प्लीट गेम्स’, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकलेले सामने, नोलन रायनचे 5,714 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले बॅटर), आणि त्यांच्या पंगतीला 1988 मधल्या ऑरेल हर्शायझरच्या सलग 59 बिनधावेच्या इनिंग्ज.

या चौथ्या विक्रमाची जात वेगळी आहे, असं माझं मत. यंगचे आकडे कष्टाच्या राशीतून उभे राहिले. 1890 ते 1911 अशी बावीस वर्षं तो दर दोन-तीन दिवसांनी चेंडू टाकत राहिला आणि 7,356 इनिंग्ज टाकून थांबला. एवढं काम आज कुठलाही संघ पिचरला करू देणार नाही, मग तो कितीही गुणी असो. वीस वर्षं वर्षाला पंचवीस सामने जिंकले तरी 500 च होतात, आणि एका हंगामात पंचवीस विजय मिळवणारा शेवटचा पिचर 1990 चा बॉब वेल्च. त्यामुळे 511 वर वाद घालण्यात अर्थ नाही. 59 चा विक्रम मात्र राशीचा नाही, सलगतेचा आहे. 1913 नंतर तो दोनदा मोडलाय, आणि कसा मोडला याचा तपशील उपलब्ध आहे. म्हणून अभ्यासाला हेच प्रकरण घेतलं.

मोजायचं काय?

क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बेसबॉलचा सामना नऊ इनिंग्जचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने बॅटिंग करतात आणि तीन आउट झाले की बाजू बदलते. बॅटर पळू लागला की तो ‘रनर’, आणि तिन्ही बेस (थांबे) ओलांडून तो परत ‘घरी’ आला की एक धाव. इथे षटकामागे गोलंदाज बदलत नाही. सुरुवात करणारा पिचर थकेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत तोच टाकतो, आणि एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत येत नाही. पूर्ण सामना एकट्याने टाकून समोरच्यांना शून्यावर ठेवलं तर तो त्याच्या नावावर शटआउट. बिनधावेच्या इनिंग्जची मालिका मात्र सामन्यागणिक तुटत नाही. आज सातव्या इनिंगनंतर बाहेर काढला तर पाच दिवसांनी आठव्यापासून मोजणी पुढे सुरू. धाव क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेली तरी मालिका खलास. 59 इनिंग्ज म्हणजे 177 आउट, आणि त्यांच्या मधे एकही धाव नाही.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनने 1913 मध्ये 55⅔ इनिंग्जची मालिका केली. (⅔ म्हणजे तीनांपैकी दोन आउट.) त्या काळी चेंडू मऊ पडेपर्यंत आणि मळून काळा होईपर्यंत वापरत, होम रन, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेला फटका, क्वचित दिसे. पुढे चेंडू बदलला, बेब रूथ आला, धावांचा पूर आला, तेव्हा जॉन्सनचा आकडा हा गेलेल्या युगाचा अवशेष आहे असंच धरलं गेलं. तो 55 वर्षं टिकला.

1968: ड्रायस्डेल आणि डिट्झचं कोपर

लॉस एंजेलिस डॉजर्सचा डॉन ड्रायस्डेल साडेसहा फुटी, बाजूने हात फिरवून टाकणारा, आणि प्लेटला चिकटून उभ्या राहणाऱ्या बॅटरला खुशाल चेंडू मारणारा. 14 मे 1968 पासून त्याने शटआउटमागून शटआउट टाकायला सुरुवात केली. 31 मे रोजी डॉजर स्टेडियममध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध पाचवा चालू होता. नववी इनिंग, 3-0 ची आघाडी, तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही. बॅटिंगला डिक डिट्झ. ड्रायस्डेलचा चेंडू त्याच्या कोपरावर बसला. नियमाने बॅटर पहिल्या बेसवर जातो, बाकीचे एकेक बेस पुढे सरकतात, तिसऱ्यावरचा घरी येतो आणि धाव होते. मालिका तिथेच संपायची.

अंपायर हॅरी वेंडेलस्टेटने डिट्झला परत बोलावलं. बॅटरने चेंडू चुकवायचा प्रयत्नच केला नाही, सबब हा नुसता ‘बॉल’, म्हणजे वाया गेलेला चेंडू. हा नियम पुस्तकात होता आणि आजही आहे, पण तो लावलेला क्वचितच दिसतो. जायंट्सचे मॅनेजर हर्मन फ्रँक्स एवढे भडकले की त्यांना मैदानाबाहेर काढावं लागलं. त्यानंतर डिट्झने डावीकडे जवळच झेल दिला, पुढच्या ग्राउंडरवर (जमिनीवरून सरपटत गेलेल्या फटक्यावर) घरी येणारा रनर आउट झाला, तिसऱ्या बॅटरचा चेंडू हवेत उंच उडून हातात आला. शून्य धावा.

सहावा शटआउट 4 जूनला पिट्सबर्गविरुद्ध. त्याच रात्री, कॅलिफोर्नियाची प्राथमिक निवडणूक जिंकल्यावर, रॉबर्ट केनेडींनी भाषणाच्या सुरुवातीला ड्रायस्डेलचं अभिनंदन केलं. भाषण संपवून ते निघाले आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या वाटेवर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. चार दिवसांनी, केनेडींच्या अंत्यविधीच्याच दिवशी, ड्रायस्डेलने जॉन्सनला मागे टाकलं. फिलाडेल्फियाच्या हाउई बेडेल नावाच्या बदली बॅटरच्या उंच फटक्यावर रनर तिसऱ्यावरून घरी आला आणि मालिका 58⅔ वर थांबली.

ते वर्ष पिचरांचंच होतं. सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने त्याच हंगामात नऊ इनिंग्जमागे 1.12 धावा असा सरासरीचा आकडा ठेवला. कारभाऱ्यांनी हात टेकले आणि 1969 पासून पिचरच्या माउंडची (ज्या उंचवट्यावरून तो टाकतो त्याची) उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली, स्ट्राइक झोनही (चेंडू जिथून गेला तर वैध धरतात ती चौकट) आक्रसला. म्हणजे ड्रायस्डेलचा विक्रम मोडायची वाट नियमानेच अडवली, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर ते वावगं ठरलं नसतं.

1988: त्याच क्लबचा, त्याच शत्रूसमोर

वीस वर्षांनी त्याच डॉजर्सचा ऑरेल हर्शायझर. हा ड्रायस्डेलच्या अगदी उलट. सडपातळ, चेहऱ्यावरून शाळामास्तर वाटावा असा. मॅनेजर टॉमी लसोर्डांनी त्याच्यात आक्रमकपणा भरावा म्हणून मुद्दाम ‘बुलडॉग’ असं नाव पाडलं. हत्यार म्हणाल तर सिंकर, म्हणजे बॅटपाशी येता येता खाली बुडणारा चेंडू. तो बॅटला लागला तरी जमिनीवरून सरपटत जातो आणि क्षेत्ररक्षकाच्या हाती सापडतो. यात बॅटर चुकवायची गरज नसते, त्याने चेंडूचा वरचा भाग मारला की पुरे.

30 ऑगस्टला मॉन्ट्रियलमध्ये पाचव्या इनिंगला त्याच्यावर दोन धावा झाल्या. पुढच्या चार इनिंग्ज कोऱ्या. मग सप्टेंबरात अटलांटा, सिनसिनाटी, पुन्हा अटलांटा, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को असे पाच शटआउट. यातले दोन 1-0 चे. दोन शटआउट ज्यांच्यावर झाले त्या अटलांटाने त्या वर्षी 106 सामने गमावले होते, हे विक्रमाचं कौतुक करताना सहसा सांगितलं जात नाही. सांगायला हवं. सप्टेंबरात वेळापत्रक मऊ लागलं, तर तोही मालिकेचा भाग.

23 सप्टेंबर, सॅन फ्रान्सिस्को. समोर पुन्हा जायंट्स. तिसरी इनिंग, एक आउट, होसे उरीबे तिसऱ्या बेसवर, ब्रेट बटलर पहिल्यावर. अर्नेस्ट राइल्सने ग्राउंडर मारला. दुसऱ्या बेसवर बटलर आउट झाला, पण तिथून पहिल्या बेसकडे गेलेला फेक राइल्सला आउट करू शकला नाही. दरम्यान उरीबे घरी पोचला. धाव झाली, मालिका गेली. एवढ्यात अंपायर पॉल रंगीने हात वर केला: बटलर घसरताना बेसची वाट सोडून क्षेत्ररक्षकाच्या अंगावर गेला, म्हणून राइल्सही आउट. तीन आउट, धाव रद्द.

वीस वर्षांच्या अंतराने तोच संघ आणि तशीच मान्य न झालेली धाव. दोन्ही निर्णय नियमाला धरून होते असं मला वाटतं, आणि दोन्ही उलट गेले असते तरी कुणी भुवई उंचावली नसती. विक्रमांच्या चर्चेत पिचरच्या हाताबद्दल बोलतात, अंपायरच्या हाताबद्दल कमी.

आणखी एक गोष्ट ड्रायस्डेल आणि हर्शायझर दोघांच्या बाजूने होती. दोघंही नॅशनल लीगचे (दोन मोठ्या लीगपैकी एक). तिथे पिचरलाही बॅटिंग करावी लागे. म्हणजे दर नवव्या माणसाला जवळपास फुकटचा आउट. शिवाय आठव्या क्रमांकावरच्या बॅटरला मुद्दाम पहिल्या बेसवर सोडून पिचरशी सामना करायची सोय. 59 इनिंग्जमध्ये अशी सोय किती वेळा कामी येते याचा विचार करा.

सॅन दिएगो, दहावी इनिंग

28 सप्टेंबर. हर्शायझरची हंगामातली शेवटची पाळी. खात्यात 49 इनिंग्ज. नऊ टाकल्या तर 58, म्हणजे अपूर्णांक सोडला तर ड्रायस्डेलच्या बरोबरीला आणि धरला तर दोन आउट मागे. डॉजर्सने गटविजेतेपद दोन दिवसांपूर्वीच खिशात घातलेलं, त्यामुळे निकालाला किंमत नव्हती. विक्रम व्हायचा तर सामना नऊ इनिंग्जमध्ये संपता कामा नये, आणि तो संपू नये यासाठी डॉजर्सनीही धाव करता कामा नये! आणि तसंच झालं. समोर सॅन दिएगो पॅड्रेसचा पिचर अँडी हॉकिन्स त्या रात्री तितकाच तिखट होता. नऊ इनिंग्जनंतर 0-0.

डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) येऊन हर्शायझर म्हणाला, मला पुरे, ड्रायस्डेलच्या शेजारी नाव राहिलं तर बरंच. लसोर्डा आणि पिचिंग कोच रॉन पेरानोस्की यांनी ऐकलं नाही, परत पाठवलं. ड्रायस्डेल स्वतः त्या रात्री डॉजर्सच्या समालोचनाला मैदानातच होता. हर्शायझर थांबायला निघाला होता हे कळल्यावर तो म्हणाला, मला माहीत असतं तर मीच जाऊन त्याला लाथ घालून बाहेर ढकललं असतं.

दहाव्या इनिंगचा पहिलाच बॅटर मार्व्हेल विन स्ट्राइकआउट झाला, पण तिसरा चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला. बेसबॉलच्या एका विचित्र नियमाने अशा वेळी बॅटर पळू शकतो, आणि तो पहिल्या बेसवर पोचला. बेनिटो सँटियागोने बंट करून, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून, त्याला दुसऱ्यावर सरकवलं. रँडी रेडीच्या ग्राउंडरवर तो तिसऱ्यावर. दोन आउट, तिसऱ्यावर रनर, एक साधा सिंगल आणि सगळं पाण्यात. गॅरी टेंपलटनला मुद्दाम पहिल्या बेसवर सोडलं. मग कीथ मोरलँड. त्याने उजवीकडे उंच मारलेला चेंडू होसे गोंझालेझच्या हातमोज्यात बसला. 59.

हर्शायझर बाहेर आला, सामना चालूच राहिला आणि सोळाव्या इनिंगमध्ये पॅड्रेसने तो 2-1 असा जिंकला. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला सिनसिनाटीमध्ये पहिल्याच इनिंगला धाव गेली आणि आकडा कायमचा 59 वर थांबला.

आता या रात्रीचा एक उपनिकाल. ड्रायस्डेलचा दुसरा विक्रम, सलग सहा शटआउट, हर्शायझरला गाठताच आला नाही. दहा कोऱ्या इनिंग्ज टाकूनही सामना त्याने संपवला नाही, म्हणून हिशोबात तो शटआउट नव्हे. ड्रायस्डेलच्या आधी 1904 मध्ये डॉक व्हाइटने पाच केले होते, हर्शायझर त्या पाचावरच राहिला. एकाच पराक्रमातून निघालेले दोन विक्रम, एक पडला, एक राहिला. आणि जो राहिला तो आता मेला. आज एखाद्या पिचरने वर्षभरात दोन शटआउट केले तर तो त्या वर्षीचा आघाडीचा ठरू शकतो. सगळ्या तीस संघांचे मिळून वर्षाला तीसेक कम्प्लीट गेम्स होतात, तर 1904 मध्ये एकट्या बॉस्टनने 148 केल्या होत्या. सलग सात शटआउट ही आता नुसती अवघड गोष्ट उरली नाही, ती कुणी करायलाच जात नाही.

मग 59 चं काय?

कागदावर हिशोब करून पाहिला. प्रत्येक इनिंग स्वतंत्र मानली आणि पिचर दहापैकी आठ इनिंग्ज कोऱ्या टाकतो असं धरलं, तर कुठल्याही क्षणापासून सलग 59 कोऱ्या पडण्याची शक्यता सव्वापाच लाखांत एक. शंभरात पंच्याऐंशी कोऱ्या टाकणारा, म्हणजे ज्याचं आयुष्यातलं सर्वोत्तम वर्ष चालू आहे असा, धरला तर साडेचौदा हजारांत एक. नव्वद धरला तर पाचशेत एक. नव्वद टक्के अख्खा हंगाम कुणी टिकवत नाही, पण सहा आठवडे टिकवणारे दिसतात. दर धावेनंतर मालिका नव्याने सुरू होते, म्हणजे एका हंगामात एकेका पिचरला पंचवीस-तीस तिकिटं मिळतात. लॉटरी जुळणं दुर्मीळ, पण ती काढणं बंद झालेलं नाही. यंगच्या 511 ची लॉटरी काढणंच बंद झालंय.

परिस्थिती विरोधातही गेली आहे, हे नाकारता येत नाही. 2022 पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी खास बॅटर येतो, नववा फुकटचा आउट गेला. होम रन 1988 च्या मानाने बरेच वाढले. सिंकरने जमिनीवर दाबलेला चेंडू क्षेत्ररक्षक अडवतो, कुंपणापलीकडे गेलेल्याला कोण अडवणार? आणि 2020 पासून नियमित हंगामात दहाव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर रनर आधीच उभा असतो. सॅन दिएगोची ती रात्र आज खेळली असती तर सँटियागोच्या बंटवर रनर तिसऱ्यावर पोचला असता आणि रेडीच्या साध्या ग्राउंडरवर घरी.

पण बाजूनेही काही आहे, आणि ते कुणी फारसं बोलत नाही. स्ट्राइकआउटचं प्रमाण खूप वाढलंय. चेंडू बॅटला लागलाच नाही तर क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा, अंपायरच्या निकालाचा प्रश्नच मिटतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पिचरला लवकर बाहेर काढण्याची आजची पद्धत. एकाच सामन्यात तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर त्या पिचरला जास्त चांगला ओळखतो आणि जास्त मारतो, हे मॅनेजर मंडळींना पाठ आहे. म्हणून पाच-सहा इनिंग्जनंतर बदल. शटआउटसाठी, परफेक्ट गेमसाठी (एकाही बॅटरला बेसवर न येऊ देता संपवलेल्या सामन्यासाठी) हे विष आहे. 13 एप्रिल 2022 रोजी मिनियापोलिसमध्ये क्लेटन कर्शॉने सात इनिंग्ज एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं, चेंडू फक्त 80 झाले होते, तरी डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला काढलं. लोकांनी शंख केला. परफेक्ट गेम तिथेच संपला. पण बिनधावेच्या इनिंग्जची मालिका त्याने तुटत नाही, उलट सर्वांत धोक्याच्या इनिंग्ज दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. हर्शायझरला एकेका बॅटरला चौथ्यांदाही तोंड द्यावं लागे. आजच्या पिचरला ती वेळच येत नाही.

गेल्या काही वर्षांतले प्रयत्न पाहा. 2015 मध्ये झॅक ग्रिंकी 45⅔, 2022 मध्ये ॲरिझोनाचा झॅक गॅलन 44⅓. सात-आठ वर्षांत दोघं 44 च्या पुढे जातात, म्हणजे दार बंद नाही. ग्रिंकीची मालिका कशी तुटली तर न्यूयॉर्क मेट्सचा पिचर जेकब डिग्रॉम याच्या एका ग्राउंडरवर. म्हणजे ज्या फुकटच्या आउटने ड्रायस्डेल आणि हर्शायझरला हात दिला, त्यानेच ग्रिंकीला दगा दिला. 45 आणि 59 मधलं अंतर मोठंच आहे, पण ते आजच्या चालीने दोन-अडीच सामन्यांचं आहे.

संघ पिचरला का जपतात, तेही याच प्रकरणात सापडतं. 1988 मध्ये हर्शायझरने हंगामात 267 इनिंग्ज टाकल्या, वर प्लेऑफ आणि वर्ल्ड सिरीजमध्ये आणखी 42⅔. आधीच्या वर्षी 264⅔, नंतरच्या वर्षी 256⅔. एप्रिल 1990 मध्ये खांदा गेला आणि डॉ. फ्रँक जोब यांनी तो शस्त्रक्रिया करून पुन्हा बांधला. तो परतला, 2000 पर्यंत खेळला, 204 सामने जिंकून निवृत्त झाला, पण 1988 चा हर्शायझर परत दिसला नाही. खांदा नेमका याच ओझ्याने गेला असं छातीठोक म्हणता येणार नाही. संघांचे मालक मात्र तसंच समजतात, आणि पगाराचे आकडे पाहता त्यांना दोष देणं अवघड आहे.

तेव्हा माझा अंदाज असा. 59 चा आकडा कधी मोडलाच तर तो एप्रिल-मेच्या थंडीत, बॅटर अजून हाताला लय शोधत असताना, सहा-सहा इनिंग्जच्या तुकड्यांनी, नऊ-दहा सामन्यांत आणि जवळपास दोन महिन्यांत मोडेल. मोडणाऱ्याच्या नावावर त्या काळात एकही कम्प्लीट गेम नसेल. आणि जुनी मंडळी लगेच म्हणतील की हा खरा विक्रम नव्हे, हर्शायझरने तर पाच सामने एकट्याने संपवले होते. त्यांचं म्हणणं खरंच असेल, पण मोजणीचा नियम सामने विचारत नाही, आउट विचारतो. 178 वा आउट पडला की नाव बदलेल.